जाऊ: स्त्रीलिंगी, एकवचन विरळ

कोणताही शब्द कायमचा मरत नाही. त्याची भावंडं कुठे ना कुठे जिवंत असतील, तर त्यांच्या तोंडावळ्यावरून तो पुन्हा उभा करता येतो. हे वाक्य त्सिरिल मालनारिच याने आद्य-स्लाव भाषेच्या कोशाच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं, आणि प्रकाशनाच्या दिवशी मंत्रिमहोदयांनी ते स्वतःचं म्हणून भाषणात वाचून दाखवलं होतं. पुढे ते मंत्री गेले, ज्या देशाचे ते मंत्री होते तो देशही गेला, आणि दोघांपैकी कोणालाही अजून तोंडावळ्यावरून उभं करता आलेलं नाही. कोश मात्र दोन हजार दोन सालच्या वसंतात नाकातून उच्चारायच्या 'एं' या अक्षरापर्यंत येऊन ठेपला होता.

त्या अक्षरात त्सिरिलच्या वाट्याला 'एंत्री' हा शब्द आला. अर्थ, नवऱ्याच्या भावाची बायको. म्हणजे आपली जाऊ. शब्दाच्या आधी तारा. कोशात तारा दिसला की समजायचं, हा शब्द या रूपात कोणी ऐकलेला नाही, कुठे लिहिलेला नाही, आम्ही तो ताडला आहे. चुकला असेल तर आमची काही हरकत नाही, हेही त्यात येतं, पण ते छापत नाहीत.

भावंडांना तोटा नव्हता. लिथुआनियात एक बहीण होती, संस्कृतात 'यातृ' होती, आणि एका जाड कोशात त्याला असंही सापडलं की त्या यातृची वंशज हिंदुस्थानच्या पश्चिमेला 'जाऊ' या नावाने अजून नांदते आहे. कशी नांदते, ते कोशात नव्हतं. ग्रीक आणि लॅटिनमध्ये हा शब्द भेटे तो अनेकवचनातच. एकटीदुकटी जाऊ त्या ग्रंथांत फिरकलेली नाही. त्याने व्याकरणाच्या रकान्यात लिहिलं, 'एकवचन विरळ.'

याच रकान्यात त्सिरिलची एक जुनी आवडती गंमत होती. मुळात हा शब्द 'आई' या शब्दासारखा चालायचा. पण स्लाव टोळ्यांच्या तोंडी कधीतरी त्याने आईची चाल सोडून सासूची धरली. विभक्तीचे प्रत्यय सगळे सासूचे. "म्हणजे व्याकरणातसुद्धा जाऊ शेवटी सासूच्या वळणावर गेली," असं तो कोशाच्या संस्थेत सांगे आणि लोक हसत. बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नव्हती.

"शेवटी?" हेर्मिना म्हणाली होती. "तुझ्या आईच्या घरात पहिल्याच दिवशी."

हेर्मिना मारिबोरची. दातांच्या दवाखान्यात कवळ्या करायची. राजधानी ल्युब्लियानातली निम्मी निवृत्त माणसं तिने केलेल्या दातांनी तिच्याच नवऱ्याच्या कोशाला हसत, असं ती म्हणे. गेल्या नोव्हेंबरात पोट दुखतं म्हणून दाखवायला गेली, ती घरी आली नाही. मूलबाळ नव्हतं. थडग्याचा दगड कोरणाऱ्याने विचारलं, "जन्मसालाच्या आधी तारा आणि मृत्यूसालाच्या आधी क्रूस, नेहमीसारखं?" त्सिरिल इतका वेळ गप्प राहिला की दगडवाल्याला वाटलं, गिऱ्हाईक नास्तिक आहे.

"तारा नको," त्सिरिल म्हणाला. "ताऱ्याचा अर्थ वेगळा होतो."

"अहो, सगळ्या दगडांवर असतो तो. तारा म्हणजे जन्म झाला."

"आमच्यात तारा म्हणजे पुरावा नाही."

दगडवाल्याने तारा कोरला. त्याच्याकडे साचा होता.

त्यांच्या भाषेत एकवचन आणि अनेकवचन यांच्या मधे द्विवचन अजून जिवंत आहे. आपण शाळेत संस्कृतच्या पेपरात चार मार्कांसाठी ते पाठ करतो आणि विसरतो. तिथे पाववालीसुद्धा वापरते. क्रियापदाच्या शेवटी 'वा' लागला की करणारे दोन. 'आम्ही घेऊ' म्हणताना 'वा' लावला की घेणारे नवराबायको, नाहीतर दोघे भाऊ, पण नेमके दोघे. त्सिरिल सदतीस वर्षं 'वा' लावून बोलला होता. जीभ कोश वाचत नाही. डिसेंबरात तो पाववालीला म्हणाला, "आज आम्ही काळा पाव घेऊ," आणि तोंडातून 'वा' निघून गेला. पाववालीने पाव मोठा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. फेब्रुवारीपर्यंत त्याच्या स्वयंपाकघरात दोघांचे पाव साठून दगड झाले होते. मग त्याने पाव बोट दाखवून घ्यायला सुरुवात केली.

हे चालू असताना त्याच्या लक्षात आलं की हेर्मिनाचा आवाज त्याला आठवत नाही.

बोलणं आठवत होतं, शब्दन् शब्द. टोमणे तर विरामचिन्हांसकट. पण ते सगळं डोक्यात त्याच्या स्वतःच्या आवाजात वाजत होतं. मारिबोरची माणसं स्वर लांबवतात. किती लांबवतात यावर त्याने निबंध लिहिला होता, तो काढून वाचला. आलेख उत्तम होते. त्यातून आवाज येत नव्हता.

त्याने घर उलथंपालथं केलं. लग्नाची फिल्म मुकी. टेलिफोनच्या निरोपयंत्रावर त्याचाच आवाज, कारण "प्रोफेसर तू आहेस, तूच बोल" असं म्हणून तिने अंग काढून घेतलं होतं. मारिबोरच्या मेव्हणीला विचारलं, तर ती म्हणाली, "आमच्याकडे फोटो आहेत ना, कितीतरी." त्सिरिलने आभार मानले.

आणि मार्चमध्ये 'एंत्री'ची नोंद पुरी करताना, बोलीतला पुरावा म्हणून त्याने त्याच शब्दाचं जुनं टिपण उपसलं. त्यावर त्याच्याच कोवळ्या अक्षरात लिहिलं होतं: 'येतर्वा. बेला क्राइना. बारित्सा मालनारिच. ध्वनिफीत, १९७१.' बारित्सा म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको, हेर्मिनाची जाऊ. त्या उन्हाळ्यात तो संस्थेचा बोजड टेपरेकॉर्डर घेऊन बेला क्राइना भागातल्या आपल्या गावी गेला होता, आणि हेर्मिना बरोबर होती. फीत भरली त्याच स्वयंपाकघरात, त्याच टेबलाशी.

तो टोपी न घालताच संस्थेत गेला.

ध्वनिसंग्रह तळघरात होता आणि ज़्देंका नावाच्या बाईंच्या ताब्यात होता. ज़्देंकाबाई बोलीभाषा ऐकून ऐकून कुठल्याच भाषेत प्रेमाने बोलत नसत.

"एकाहत्तर सालची बेला क्राइना?" त्या म्हणाल्या. "ती तुमची होय? त्या टेपला मी 'गाळीव रत्नं' म्हणते. तेवढी कापाकापी खाटकाकडे होत नाही."

"गाळीव का?"

"ऐका. स्वतःच ऐका."

टेप सुरू झाली. आधी घड्याळाची टिकटिक, मग त्याची आई. पेंढा, गाय, जावई, सगळं शुद्ध बोलीत. मग एक खटका, आणि आवाज मधेच दुसऱ्या वाक्यावर गेला. पुन्हा आई. पुन्हा खटका. मग बारित्सा, तरुण, हसू दाबत बोलणारी. खटका. त्सिरिलला त्या खटक्यांचा अर्थ कळायला वेळ लागला नाही, कारण प्रत्येक खटक्याच्या मागे त्याचा स्वतःचा अंगठा होता. फिती महाग असत, मोजून मिळत. आणि पद्धत अशी होती की बोलीचा नमुना घेताना खोलीत परकं माणूस बोललं, की यंत्र बंद करायचं. नाहीतर नमुना बाटतो. बेला क्राइनाच्या त्या स्वयंपाकघरात परकं माणूस एकच होतं.

"थांबवू?" ज़्देंकाबाईंनी विचारलं.

"नको."

शेवटाकडे तरुण त्सिरिलचा प्रश्न आला, परीक्षकाच्या सुरात. "नवऱ्याच्या भावाच्या बायकोला इकडे काय म्हणतात?"

"येतर्वा," बारित्सा म्हणाली. "ही बघ, बसलीय माझी येतर्वा. विचार तिलाच."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि तरुण त्सिरिल, हळू पण स्पष्ट: "हेर्मिना, तू नको. तू नमुना नाहीस."

खटका. आणि त्याने यंत्र पुन्हा चालू केलं होतं, पण एखाद्या श्वासाइतकं लवकर. कारण आईचा आवाज सुरू होण्याआधी, फितीच्या खरखरीत, कोणीतरी कुठलंतरी वाक्य संपवत होतं. बाईचा आवाज. लांबवलेला.

"…वा."

"पुन्हा लावा," त्सिरिल म्हणाला.

"…वा."

"पुन्हा."

दुपार झाली. ज़्देंकाबाईंनी दोन सिगारेटी ओढल्या आणि तिसरी न पेटवता धरून ठेवली, यापलीकडे त्यांच्याकडून सहानुभूती मिळत नसे.

"मालनारिच, ही टेप आहे, गोळी नाही. दर अर्ध्या तासाने घेऊन काही होत नसतं."

"ती काय म्हणतेय?"

"'वा' म्हणतेय."

"त्याआधी काय होतं?"

"त्याआधी तुमचा अंगठा होता."

पण शब्दाचं शेपूट हातात आलं की त्यावरून अख्खा शब्द उभा करणं हा त्याचा धंदाच होता. त्या टेपची प्रत करून तो घरी घेऊन गेला आणि त्या एका अक्षरावर कामाला लागला. 'वा'वर आघात नाही. म्हणजे आघात आधीच्या स्वरावर. दोनच शब्द बसत होते. एक, 'येतर्वा.' बारित्साचं ऐकून तीही गंमतीने म्हणाली असेल, मी हिची येतर्वा. दुसरा, 'ग्रेवा.' त्यांच्या भाषेत 'जाणे' या क्रियापदाचं द्विवचन: चल, आपण दोघं जाऊ. मराठीत लिहायचं तर दोन्हींना 'जाऊ'च म्हणावं लागेल, एक नातं आणि एक क्रियापद. तिथे दोन्हींचा शेवट 'वा'ने होतो. भाषांचं हे असं असतं, कुठे डोकं जुळतं, कुठे शेपूट.

त्सिरिलला 'ग्रेवा' हवा होता. हे त्याने कागदावर लिहिलं नाही, कारण शास्त्रात काहीही हवं असायचं नसतं. पण पुरावा होता. त्या दिवशी उकाडा होता. कोल्पा नदीवर पोहायला जायचं त्याने तिला सकाळपासून कबूल केलं होतं आणि यंत्रापायी ते राहून गेलं होतं. दारात उभी राहून, टॉवेल खांद्यावर टाकून, तिने म्हटलं असणार, 'ग्रेवा.' ती जायला सांगत होती, दोघांनी. टेपवर तिचं एकच अक्षर उरलं होतं, आणि त्या अक्षरात तो होता.

त्याने कोशातल्या पद्धतीने एका कागदावर लिहिलं: तारा, 'ग्रेवा'. मग तो तारा बराच वेळ बघितला. तारा पुसायचा असेल तर साक्षीदार हवा. साक्षीदार एकच उरला होता.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात तो मेत्लिकाच्या गाडीने गावी गेला. बारित्साने दार उघडलं ते पिठाच्या हातांनी. आता सत्तरीची, भाऊ मार्टिन जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ती आणि एक बहिरा कुत्रा.

"प्रोफेसर आले," ती कुत्र्याला म्हणाली. "ऊठ, निदान उठून उभा राहा." मग त्सिरिलला, "सुकलास. जेवतोस का नुसता पाव खातोस?"

"पाव तर खूप आहे," तो म्हणाला.

तिने ओव्यासारखे मिरमिरणारे दाणे आणि खडेमीठ पेरलेली गरम पोगाचा, म्हणजे तिकडची चपटी रोटी, टेबलावर तोडून ठेवली, स्लिवोव्का या आलुबुखारच्या दारूचे दोन पेले भरले. बोलताना तिच्या तोंडात बारीक कट्कट् होत होती.

"वरची जरा सैल झालीय," ती म्हणाली. "हेर्मिनाला म्हणणार होते घट्ट करून दे. आता दुसऱ्याकडे टाकवत नाही. तो उघडून बघेल, म्हणेल कोणी केलीय ही, आणि मग मी तिथेच रडायला लागेन, कवळी हातात, तोंड उघडं. शोभा नुसती."

"मारिबोरकडे एकजण चांगला…"

"नको. तिचेच दात राहू देत. त्यांनी तिची निंदा करायला गेलं की टोचतात. करून बघितलीय मी."

त्सिरिलने पेला संपवला. जावाजावांचं सूत कधी जुळलं, त्याला नक्की माहीत नव्हतं. सुरुवातीला दोघी त्याच्या आईच्या मर्जीसाठी भांडल्या, हे माहीत होतं. पुढे कधीतरी दोघींनी मिळून आईवरची आशा सोडली आणि तिथून त्यांची मैत्री सुरू झाली असावी. ते त्याच्या अभ्यासाचं क्षेत्र नव्हतं.

"एक विचारू, त्सिरिल?" बारित्सा म्हणाली. "तू ते शब्दांचं बघतोस म्हणून. नवरा गेला तर विधवा म्हणतात. मला येतर्वा म्हणणारी गेली, तर मला काय म्हणायचं?"

"तसा शब्द नाही."

"कुठल्याच भाषेत?"

"मी तरी बघितलेला नाही."

"मग बसून करता काय तुम्ही सगळे तिथे?" तिने पोगाचाचा तुकडा त्याच्याकडे सरकवला. "तिच्या पाटीवर येतर्वा घालायला हवं होतं तू. नवऱ्याची लाडकी म्हणून लिहिलंस, ते बरंय. पण ते काय, दगडवाल्याकडे तयार असतं."

त्याने पेला बाजूला सारला. पिशवीतून छोटं यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं, तार सॉकेटात लावली. काय ऐकवणार ते सांगितलं. काय ऐकू येईल अशी आशा आहे, ते सांगितलं नाही. साक्षीदाराला उत्तर सुचवायचं नसतं, हीही पद्धतच.

"मी चांगली तरुण वाटते की," बारित्सा ऐकता ऐकता म्हणाली. मग त्याच्या आईचा आवाज आला तेव्हा तिने क्रूसाची खूण केली, थोडी घाईने. मग प्रश्न आला. येतर्वा. खुर्ची. 'तू नमुना नाहीस.'

बारित्सा त्याच्याकडे बघत राहिली. त्याने यंत्राकडे बघितलं.

"…वा."

"हेच," तो म्हणाला. "हे. त्या दिवशीचं तुला काही आठवतं? आपण इथेच बसलो होतो. ती दारात होती. मी थांबवलं तिला, आणि तिने काहीतरी म्हटलं. शेवटचं अक्षर एवढंच आलंय. नीट ऐक. काय म्हणाली असेल ती?"

"पुन्हा लाव."

"…वा."

बारित्साच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पिठाच्या मनगटाने पुसलं, त्यामुळे तिच्या गालावर पांढरा पट्टा उमटला. तिने आणखी एकदा लावायला सांगितलं, आणि तेही ऐकलं. कुत्राही मान वाकडी करून बघत होता, पण तो बहिरा होता.

"तीच," ती म्हणाली. "अगदी तीच. असंच ओढायची ती."

"हो. पण शब्द?"

"शब्द काय त्यात. विसरेन कशी? तू तिला नमुना नाहीस म्हणालास ना, तशी ती उठली आणि चुलीपाशी गेली. चुलीपाशी, हे इथे. दारात नव्हती. मी मनात म्हटलं, आता ही काहीतरी फेकून मारते. तर नाही. कपात ओतलं, तुझ्यापुढे आणून ठेवलं आणि म्हणाली, झाली कावा."

"कावा," त्सिरिल म्हणाला.

"कॉफी रे. कॉफी झाली. तू वर बघितलं नाहीस. हात असा केलास, शू म्हणून. मग ती नदीवर गेली, एकटीच. तुझी कॉफी मी प्यायले."

"नक्की? 'ग्रेवा' नव्हतं? दोघं जाऊ, असं काही?"

बारित्साने त्याच्याकडे बघितलं. तिच्या तोंडातली कट्कट् थांबली होती. तिला काय विचारलं जातं आहे, ते बहुधा तिला कळलं. आणि हो म्हणायला किती सोपं आहे, तेही कळलं असावं. तिने तोंड उघडलं.

"ते तू कबूल केलं होतंस," ती शेवटी म्हणाली. "ती कशाला म्हणेल?"

मग ती उठली, आणि त्याने न मागता कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं. त्सिरिलने यंत्राची तार काढून गुंडाळली.  कॉफी आली तेव्हा त्याने वर बघितलं.

'एंत्री'ची नोंद पुढच्या खंडात छापून आली. बोलीतला पुरावा: एक. 'कावा' या शब्दाची नोंद त्या कोशात नाही. तो तुर्कीतून आलेला आहे.